मेश्राम मॅडमचा नमुना

एका कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, धान किती मावतो, या प्रश्नावरून मेश्राम मॅडमने आमच्या संघाची एक अख्खी सभा खाऊन टाकली होती. मी त्या सभेचं इतिवृत्त लिहायला बसलो होतो. विषय बारदान्याचा होता, म्हणजे धान भरायची रिकामी पोती कोणाकडून घ्यायची एवढाच. पटकन आटोपेल, समोसे येतील आणि ज्याची त्याची बस ज्याला त्याला मिळेल अशा बेताने सगळे आले होते. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या तुमच्या संस्थेत कट्टा किती किलोचा लिहितेत?"

सौंदडचे बिसेनभाऊ म्हणाले चाळीस. आमगावकडचे एक जण म्हणाले पन्नास. कोणी म्हणालं, आम्ही कट्टा लिहीतच नाही, सरळ क्विंटल लिहितो. मागच्या रांगेतून कोणीतरी सांगितलं, भरला तेवढा. हशा झाला. संघाच्या अध्यक्षांना सगळे भैयाजी म्हणत. त्यांची राईस मिल होती आणि सभेतही ते हिंदीच बोलत. ते म्हणाले, "मॅडम, सबको मालूम है कट्टा क्या होता है."

"सगळ्यांले वेगवेगळं मालूम आहे, भैयाजी. मग मी कॉम्प्युटरले काय सांगू?"

त्यानंतर त्या बोलत राहिल्या. समोसे आले, थंड झाले, लोक उठून खायला लागले, तरी त्या बोलत होत्या. बारदान्याचा विषय पुढच्या सभेवर गेला. इतिवृत्तात मी लिहिलं, 'वजनाच्या एककाबाबत सविस्तर चर्चा झाली.' दुसऱ्या दिवशी मॅडमने ते वाचून 'सविस्तर'खाली लाल रेघ मारली आणि मला विचारलं, "चर्चा झाली म्हणजे काय ठरलं?" काहीच ठरलं नव्हतं. ते लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

शालिनी मेश्राम आमच्या संघाच्या हिशेब विभागाच्या प्रमुख होत्या. संघ म्हणजे जिल्ह्यातल्या गावोगावच्या धान खरेदी करणाऱ्या छोट्या संस्थांचा एकत्र कारभार. त्याच ऑफिसात मी पत्रव्यवहार पाहत असे. मॅडम गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याहून स्कूटी घेऊन यायच्या, हेल्मेट टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायच्या, आणि ते तिथे असेपर्यंत त्या कोपऱ्यावर कोणी कागद ठेवलेला त्यांना चालत नसे. चहा अर्धाच प्यायच्या, उरलेला थंड होऊ द्यायच्या. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा. आमच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात ते पाकीट पाहून तो मला विचारायला आला होता की मॅडम रागावल्या आहेत का.

'वगैरे', 'किरकोळ' आणि 'इतर' हे तीन शब्द त्यांना सहन होत नसत. कोणत्याही संस्थेच्या हिशेबात 'इतर खर्च' दिसला की फोन लागायचा. "इतर म्हणजे काय जी? ज्याचं नाव घ्यायचा कंटाळा आला ते?" पलीकडचा माणूस हमाली, चहापाणी, ट्रॅक्टरचं डिझेल असं सांगत जायचा, आणि मॅडम एकेक खातं वेगळं करत जायच्या.

त्या येण्याआधी प्रत्येक संस्थेचा हिशेब वेगळ्याच अवतारात आमच्याकडे यायचा. कोणाचा एक्सेलमध्ये, कोणाचा चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, एक-दोन अजून लाल कापडाच्या वह्यांत. मॅडमने सगळ्यांसाठी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर शोधलं. म्हणजे ज्याचा आतला कोड कोणालाही वाचता येतो, हवा तसा बदलता येतो, आणि जे वापरायला परवाना विकत घ्यावा लागत नाही. फुकट आहे म्हटल्यावर संचालक मंडळाने ते एकमताने मंजूर केलं. त्यांची खरी मागणी पुढे होती आणि तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांना सगळ्या संस्थांच्या नोंदी एकाच नमुन्यात हव्या होत्या. खात्यांची यादी एक, प्रत्येक खात्याला ठरलेला क्रमांक, गावाच्या नावाबरोबर गावाचाही क्रमांक, वजन फक्त किलोत. उद्या हे सॉफ्टवेअर सोडून दुसरं घेतलं तरी नोंद तिच्या अर्थासकट तिकडे गेली पाहिजे.

"सॉफ्टवेअर काय, आज आहे, उद्या नाही," त्या म्हणायच्या. "नोंद राहते. ती दुसऱ्याले वाचता आली पायजे."

या तक्त्यालाच त्या 'नमुना' म्हणत. दिवसातून इतक्या वेळा म्हणत की ऑफिसात लोक हळूच म्हणू लागले, खरा नमुना तर मॅडमच आहेत. हे त्यांच्या कानावर गेलं असणार. तरी त्या नमुनाच म्हणत राहिल्या.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. समोरच्याचं वाक्य त्याच्याआधी त्याच पूर्ण करायच्या, आणि पुष्कळदा चुकीचं. माझ्या एका पत्रात एकाच संस्थेचं नाव वर एका तऱ्हेने आणि खाली दुसऱ्या तऱ्हेने पडलं होतं. त्यावरून त्यांनी मला बाहेरच्या लोकांसमोर झापलं. मी चिडून म्हणालो, "मॅडम, वाचणाऱ्याला कळतं ना."  त्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि वडिलांची गोष्ट सांगितली. पुन्हा कधी त्यांनी ती काढली नाही.

त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव 'मेसराम' पडलं होतं, रेल्वेच्या कागदावर 'मेश्राम'. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्यामुळे कुठे धर्माच्या रकान्यात बौद्ध, तर कुठे जुनीच जात चिकटलेली. मॅडमना बारावीनंतर नागपूरला इंजिनिअरिंगला जायचं होतं. मार्क होते. सवलतीचा दाखला हवा होता, आणि दाखला देणाऱ्याला हे सगळे कागद एकाच माणसाचे वाटत नव्हते. वडील सुट्टी टाकून या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. दाखला आला तेव्हा प्रवेश बंद झाले होते. मॅडमने गोंदियातच बी.कॉम. केलं.

"एकाच माणसाले दोन तऱ्हेनं लिहिलं की तो दोन माणसं होते," त्या म्हणाल्या. "अना त्या दोघांपैकी कोणालेच काही भेटत नाही."

मी पत्र पुन्हा टाइप केलं. राग गेला नाही, पण टाइप केलं.

देवरीचं प्रकरण त्यानंतरचं. देवरीच्या जंगलपट्टीत बायकांची एक संस्था आहे. मोहफूल, हिरडा, लाख गोळा करून एकत्र विकतात. ती आमच्या संघाची सभासद नव्हती, पण तिच्या सचिव सुशीला मडावी एका प्रशिक्षणात मॅडमना भेटल्या होत्या आणि अडचण आल्यावर त्यांनी फोन केला. त्यांच्याकडेही ओपन सोर्स सॉफ्टवेअरच होतं. गोंदियातल्या एका तरुणाने ते आपल्या मनाने वळवून त्यांना लावून दिलं होतं. मग तो हैदराबादला नोकरीला गेला आणि फोन उचलेनासा झाला. आता नागपूरच्या एका खरेदीदाराला मोहफुलाची मोठी खेप हवी होती. त्याची अट एकच, मागच्या हंगामांचा माल कोणत्या गावातून किती आला, किती सुकवला, किती विकला, हे गाववार दाखवा. त्यासाठी त्याने मुदत दिली होती.

मॅडम रजा टाकून गेल्या. कॉम्प्युटरवर टाइप करायला मला सोबत नेलं. एका पत्र्याच्या शेडमध्ये मोहाचा गोड, आंबूस वास भरलेला होता आणि टेबलाभोवती बायका उभ्या होत्या. सॉफ्टवेअर उघडलं. कुलूप नाही, पासवर्ड नाही, सगळा माल समोर. पण त्या पोराने आपल्या मर्जीने रकाने जोडले होते आणि त्यांना नावं दिली होती एक, दोन, तीन. कुठल्या रकान्यात गाव आणि कुठल्यात वजन, हे त्यालाच ठाऊक. मोहफूल कुठे 'महू', कुठे 'मोवा', कुठे नुसता 'म'. हिरडा 'इतर'मध्ये. वजन कधी किलोत, कधी पायलीत, आणि कोणतं कशात हे लिहिलेलंच नाही.

मॅडमने एकेक रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. 

सुशीलाबाई म्हणाल्या, "तो तं म्हणत होता, हे सबके लिए खुला आहे, कोणी भी पाहू शकते."

"खुलंच आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळं एका पोत्यात कोंबलेलं आहे, अना पोत्याचं तोंड खुलं आहे."

मग बायका आठवणीतून सांगत गेल्या आणि मॅडम लिहीत गेल्या. तो पाऊस पडला तेव्हाचा माल, तो आमच्या गावचा, तो सुकवताना गेला. काही जुळलं, बरंच जुळलं नाही. त्या पुन्हा गेल्या, आणखी एकदा गेल्या. मुदत निघून गेली. खरेदीदाराने दुसरीकडून माल घेतला आणि बायकांनी त्या हंगामाचा मोह नेहमीच्या व्यापाऱ्याला त्याच्या भावाने घातला. परत येताना बसमध्ये मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की चोरी झाली असती तर निदान कोणाच्या नावाने बोंबलता आलं असतं.

यानंतर त्या नमुन्याच्या मागे हात धुऊन लागल्या. त्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांचा इंटरनेटवर एक मंच होता. जगभरचे लोक तिथे अडचणी आणि सूचना लिहीत. मॅडमने आपल्या तोडक्या पण नेटक्या इंग्रजीत लिहिलं की नोंदी बाहेर काढताना आणि आत घेताना एक ठरलेला, सगळ्यांना माहीत असलेला नमुना हवा. त्याशिवाय सॉफ्टवेअरच्या उघडेपणाचा खेड्यातल्या संस्थेला उपयोग नाही. इंग्रजी तपासायला त्यांनी ते मला दाखवलं होतं. मला चांगलं वाटलं. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या एकाने उत्तर दिलं, सूचना उत्तम आहे, तुम्हीच कोड लिहून पाठवा. मॅडमना कोड लिहिता येत नव्हता. त्यांनी तसं कळवलं आणि जोडीला पूर्ण तक्ता, उदाहरणांसकट, पाठवला. दोघा-तिघांनी पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं.  काही काळाने मंचावरच्या एका यंत्राने आपोआप नोंद टाकली, या विषयावर बरेच दिवस हालचाल नाही, म्हणून तो बंद करण्यात येत आहे.

मॅडमने तो पुन्हा उघडला. यंत्राने पुन्हा बंद केला. हे किती वेळा झालं ते मला माहीत नाही, पण सकाळी हेल्मेट ठेवल्यावर त्या आधी ते पाहायच्या, आणि चेहऱ्यावरून आम्हाला कळायचं.

एकदा मी म्हणालो, "सोडा ना मॅडम. माणूस बंद करत असता तर भांडता आलं असतं."

"म्हणूनच उघडून राहिली," त्या म्हणाल्या. "बंद कराले माणूस लागत नाही तं उघडाले तरी असू द्या."

इकडे जिल्ह्यात तर माणसंच होती. नमुना सगळ्या संस्थांनी सभेत मान्य केला, टाळ्याही वाजवल्या. गावी जाऊन प्रत्येकाने त्यात आपल्या सोयीने थोडं थोडं बदललं. वर्ष संपताना सगळ्यांचे हिशेब एकत्र केले तर एका संस्थेची हमाली बाकीच्यांच्या बारदान्यात मिसळली आणि बेरीज इतकी फुगली की भैयाजींनी विचारलं, यह हमारे ही जिले का है ना. मॅडम तडक सौंदडला निघाल्या. बिसेनभाऊंनी हमालीचा क्रमांक बदलून बारदान्याचा केला होता.

बिसेनभाऊ चांगला माणूस. घरचा धान, घरची शेती, संस्थेचं काम पदराला खार लावून करणारा. त्यांनी पाणी दिलं, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं की आमच्याकडे हमाली आणि बारदाना एकाच माणसाकडून होतो, म्हणून एकत्र टाकलं. आम्हाला सोपं पडते.

"तुम्हाले सोपं पडते, पण बाकीच्यांले?"

"मॅडम, बाकीचे त्यांचं पाहतील."

"तसंच आहे तं संघ कायले केला जी?"

बिसेनभाऊ दुखावले. म्हणाले, "तुम्ही नमुना बनवला तेव्हा आम्हाले इचारलं होतं का? ऑफिसात बसून बनवला. आमचा माल कसा येते, कोण उचलते, कोणी पाहाले आलं होतं?"

मॅडम चहा अर्धा ठेवून उठल्या. सौंदडच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो होतो. समोरच्या बांधीत, म्हणजे शेतात, धानाची रोवणी चालली होती. मॅडम वाकलेल्या बायकांचे हात बघत होत्या. मग म्हणाल्या की बिसेनभाऊंचं बरोबर आहे, आणि तरी त्यांनी बदलायला नको होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्याचा त्यांना जास्त त्रास होत होता.

त्यांनी नमुना नव्याने करायला घेतला. या वेळी गावोगाव जाऊन, विचारून. अर्धं काम झालं असेल नसेल, तेवढ्यात संचालक मंडळाने निर्णय घेतला की हे सगळं सोडायचं आणि बाहेरच्या एका कंपनीचं ॲप घ्यायचं. मोबाइलवर रंगीत चित्रं येत होती, बटण दाबलं की आलेख निघत होता. भैयाजी खूश होते. "मॅडम, झंझट खतम. अब आपको भी आराम."

मॅडमने ॲप दाखवायला आलेल्या माणसाला एकच विचारलं, आमच्या जुन्या नोंदी यात येतील का, आणि उद्या आम्हाला सोडायचं झालं तर आमच्या नोंदी बाहेर कशा निघतील. तो हसून म्हणाला की जुन्यातली फक्त शेवटची शिल्लक घेऊ, बाकीची काय गरज. आणि सोडायची वेळ येणारच नाही. सगळे हसले. मॅडम भैयाजींकडे वळल्या आणि म्हणाल्या की हे इतिवृत्तात लिहून घ्या. मी लिहिलं. अक्षरशः लिहिलं, कोणाचा प्रश्न, कोणाचं उत्तर. भैयाजींनी सही करताना ते परिच्छेद खोडायला सांगितले, आणि माझी नोकरी असल्याने मी खोडले. मॅडमना ते कळलं.  मुदतीआधीच निवृत्ती घेत असल्याचा अर्ज त्यांनी दिला, तारीख अर्थात वर्षापासून. निरोप समारंभ नको म्हणाल्या. तरी आम्ही शाल दिली. ती घेऊन त्या स्कूटीवर बसल्या आणि कुडव्याकडे निघून गेल्या.

ॲप चालतं आहे. आलेख निघतो. कट्टा किती किलोचा, हे ॲपला कोणी सांगितलं असेल तर मला माहीत नाही.

मागच्या उन्हाळ्यात कामासाठी देवरीला जाणं झालं. मोहाचे दिवस होते, म्हणून सहज त्या शेडकडे वळलो. सुशीलाबाईंनी ओळखलं. आत खोलीत बैठक चालली होती आणि त्या पाणी न्यायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की त्या पुऱ्या पट्टीत मॅडमचा नमुना चालतो. निवृत्तीनंतर मॅडम गावागावात येऊन बसल्या, पायलीचं माप सगळ्यांसमोर किलोत मोजलं, आणि आता आसपासच्या संस्थाही तोच वापरतात. खरेदीदार आला होता का, विचारलं. म्हणाल्या, दुसरा आला. गाववार दाखवलं. घेतला माल.

मग त्यांनी व्हरांड्याकडे बोट केलं. तिथे सिमेंटच्या बाकावर मेश्राम मॅडम बसल्या होत्या. केस पिकले होते. हातात चहाचा ग्लास, अर्धा.

त्यांच्या कपाळावर आठी होती. मी बसल्यावर त्यांनी कुशलही विचारलं नाही, सरळ तक्रार सुरू केली. सीमेपलीकडे छत्तीसगडातल्या काही संस्थांना यांच्याशी हिशेब जोडायचा होता. त्यासाठी ओलं मोहफूल आणि सुकं मोहफूल असे दोन वेगळे क्रमांक करायला हवे होते. साधी गोष्ट. पण बायका म्हणाल्या, असं मधेच बदलता येत नाही. सगळ्या गावांना विचारावं लागेल, बैठकीत ठरेल, आणि तुम्ही सभासद नाही, तेव्हा बाहेर बसा.

"मी बनवला, अना मलेच बाहेर बसवलं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बसली आहे. यांचं काही ठरूनच नाही राहिलं."

मी म्हणालो, आता माझी गाडी गोंदियालाच चालली आहे, कुडव्याला सोडतो. त्या नाही म्हणाल्या. बैठक संपल्याशिवाय कशी येऊ.

आत आवाज चढले होते. बोलणं सगळं गोंडीत चाललं होतं. मध्येच कोणीतरी 'ओलं' म्हणालं, कोणीतरी हसलं, आणि मग दोन-तीन आवाज एकदम. मॅडमना गोंडी येत नाही. मी निघालो तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. ग्लास बाजूला ठेवून त्या बाकाच्या टोकाला सरकल्या होत्या आणि खिडकीच्या गजांना कान लावून, डोळे मिटून, एखाददुसराच शब्द कळत असलेलं ते भांडण ऐकत होत्या.